आधी गवत

लग्नाचा मांडव उठला की मागे ओतलेला भात, बुंदी आणि पोळ्यांचे तुकडे खाऊन गावातली एखादी म्हैस दुसऱ्या दिवशी पोट फुगून आडवी पडते. गावाकडे नोकरी केलेल्या प्रत्येक पशुवैद्याने हे पाहिलेलं असतं. चाऱ्यावर जगणाऱ्या पोटात पिष्टमय अन्नाचा ढीग एकदम गेला की तिथले जंतू बदलतात, आम्ल वाढतं आणि जनावर तासातासाने खालावत जातं. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हशीला भात आवडतो म्हणून तो रोज तिच्यापुढे पातेलं ठेवत नाही.

तोच शहाणपणा शहरातल्या चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत कुठे हरवतो, कळत नाही. गॅलरीतल्या पिंजऱ्यात बसलेला दीड-दोन किलोचा ससाही गवतावरच जगणारा प्राणी आहे. पण तो मऊ आहे, पांढरा आहे, मांडीवर बसतो. त्यामुळे त्याला कोणी जनावर समजत नाही, घरातलं तान्हं मूल समजतात. मग सकाळी दुधात बुडवलेलं बिस्किट, दुपारी चपातीचा तुकडा, संध्याकाळी चार कुरमुरे आणि शेंगदाणे, रविवारी सफरचंद. ‘डॉक्टर, हा गवताला तोंडच लावत नाही हो, चपाती मात्र मागून खातो,’ हे वाक्य माझ्या तपासणीच्या टेबलावर इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने ‘हा गवताला’ म्हटलं की पुढचं मी मनातल्या मनात पूर्ण करतो. चपाती मिळत असेल तर तो गवत कशाला खाईल? तुमची मुलंही वेफर्स समोर असताना भाकरी मागत नाहीत.

घरात पाळलेल्या सशांच्या पोटाच्या तक्रारी आणि त्यांचा आहार एवढाच विषय घेऊन मराठीत लिहिलेली ही पुस्तिका हातात आली तेव्हा आधी वाटलं, विषय फारच लहान घेतला. वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की सशाच्या बाबतीत विषय हाच आहे. माझ्याकडे येणाऱ्या सशांचे दात, वजन, लघवीतला खडा, मागच्या बाजूला चिकटलेली घाण, अगदी त्वचेच्या काही तक्रारीसुद्धा उलगडत गेलं की शेवटी ताटापाशी येऊन थांबतात. पुस्तिकेच्या दोन्ही लेखिका पशुवैद्य नाहीत. त्यांनी ससे पाळले, आजारी पडलेले पाहिले, वाचलं, विचारलं आणि जे हाती लागलं ते आपल्या भाजीबाजारात, आपल्या हवामानात कसं करायचं ते लिहिलं. परदेशी पुस्तकांत हा शेवटचा भाग नसतो, आणि आपल्याकडच्या वाचकाचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

पुस्तिकेत शिरण्याआधी हा प्राणी कोण आहे ते थोडं सांगतो. पाळीव ससा मूळचा आपल्याकडचा नाही. तो स्पेन-पोर्तुगालकडच्या, जमिनीत बिळं करून कळपाने राहणाऱ्या युरोपीय सशाचा वंशज. आपल्या माळरानावर, ज्वारीच्या शेतात दिसणारा रानससा वेगळा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्लं अंगभर केस घेऊन आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. शेतात सापडलेलं पिल्लू उचलून घरी आणणाऱ्यांसाठी ही पुस्तिका नाही. त्यांनी ते पिल्लू होतं तिथे परत ठेवावं, त्याची आई बहुधा जवळपासच असते. शिवाय ससा उंदराच्या जातीचा, हा समजही जुना झाला. वरच्या जबड्यात पुढच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारके दात असतात. या आणि अशा इतर फरकांवरून १९१२ मध्ये शास्त्रज्ञांनी ससे कृंतकांतून वेगळे काढले. ‘हॅमस्टर, गिनीपिग व ससा यांचे खाद्य’ असं छापलेली पिशवी पाहिली की मला हे आठवतं. हॅमस्टर दाणे खातो, ससा गवत खातो, आणि ती पिशवी दोघांना एकाच पंगतीला बसवते.

आता पोटाकडे. सशाचं जठर साध्या पिशवीसारखं, त्याच्या तोंडाची झडप इतकी घट्ट की सशाला उलटी करताच येत नाही. आत गेलेल्या वस्तूला पुढेच जावं लागतं. निरोगी सशाचं जठर कधी पूर्ण रिकामं नसतं. दिवसरात्र थोडं थोडं खाणं आणि ते पुढे ढकलणं अशी त्याची चाल. म्हणून शस्त्रक्रियेआधी कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात तसं सशाला ठेवत नाहीत. खरा कारखाना पुढे आहे. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर अंधनाल नावाची एका बाजूने बंद असलेली मोठी पिशवी असते. पचनसंस्थेचा सुमारे चाळीस टक्के भाग ती एकटी व्यापते. जठरापेक्षा ती कितीतरी मोठी. तिच्यात अब्जावधी जंतू अन्न आंबवत बसलेले असतात.

मोठ्या आतड्यात एक विलक्षण निवड चालते. गवताचे लांब, जाड, न पचणारे धागे वेगळे काढून पुढे पाठवले जातात आणि त्यांच्या कोरड्या गोल लेंड्या होतात. बारीक कण आणि पाणी मात्र उलट्या दिशेने ढकलून अंधनालेत परत नेलं जातं, तिथे जंतू त्यावर काम करतात. म्हणजे गवतातला जो भाग सशाला पचतच नाही, त्याच्याच रेट्याने आतडी चालू राहतात. माणसाच्या आहारशास्त्रात तंतुमय पदार्थ ‘पण घ्यावेत’ असे असतात. सशाच्या आहारात ते बंद केले की यंत्रच थांबतं. पुस्तिकेतलं हे प्रकरण थोडं जड झालं आहे, पण तेच दोनदा वाचावं. ते समजलं तर पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

अंधनालेत तयार झालेला माल वाया जात नाही. दिवसातून एक-दोनदा, विश्रांतीच्या वेळी, घरातल्या सशांत बऱ्याचदा पहाटेकडे, द्राक्षांच्या लहान घोसासारख्या मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या लेंड्या बाहेर येतात. ससा त्या खाली पडूही देत नाही; मान वळवून थेट गुदद्वाराशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. त्यांत जंतूंनी बनवलेली प्रथिनं, ब गटातली आणि के जीवनसत्त्वं असतात. फ्रान्समधल्या मोरो नावाच्या पशुवैद्याने १८८२ मध्ये याचं वर्णन केलं. पण आजही घरोघरी ‘आमचा ससा स्वतःची घाण खातो, काय औषध द्यायचं?’ असा प्रश्न येतो. औषध नको. गाय रवंथ करते त्याला आपण रोग म्हणत नाही, हाही तसाच दुसरा घास आहे. काळजी उलट गोष्टीची करायची. या मऊ लेंड्या न खाता तशाच राहिल्या, शेपटीखाली चिकटल्या, बसायच्या जागी चिरडल्या, तर काहीतरी बिघडलं आहे. एक तर खाणं इतकं पौष्टिक आहे की त्याला त्या नकोशा झाल्यात, नाहीतर वजन इतकं वाढलंय की मान तिथवर पोचत नाही, किंवा पाठ-गुडघे दुखतायत. घरातले लोक याला ‘जुलाब’ म्हणतात आणि जुलाबाचं औषध पाजतात. मोठ्या सशाला खरा पाण्यासारखा जुलाब क्वचित होतो, आणि झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. पिल्लात तर तासांचा हिशेब असतो.

पिल्लांवरून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बाजारात विकायला येणारी बरीच पिल्लं आईपासून फार लवकर तोडलेली असतात, कारण तळहातावर मावणारा ससा लवकर विकला जातो. त्या वयात अंधनालेतले जंतू अजून नीट वसलेले नसतात, जठरातलं आम्लही मोठ्या सशाइतकं तीव्र झालेलं नसतं. त्यात जागा बदलते, खाणं बदलतं, मुलांची हाताळणी सुरू होते. आठवड्याभरात पिल्लू गेलं की घरात समजूत होते, ‘ससे नाजूकच असतात.’ आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नये आणि घेतल्यावर पहिले पंधरा दिवस ते आधी जे खात होतं तेच द्यावं, हळूहळू बदलावं. या पुस्तिकेत हे दोन ओळींत आलं आहे, मला ते ठळक टाइपात हवं होतं.

सशाचे सगळे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर. दाढाही वाढतात, पण त्या कोणाला दिसत नाहीत. गवत चघळताना खालचा जबडा आडवा फिरतो, आणि गवतात सिलिका असते. या दोन्हींनी दाढा घासल्या जातात. चपाती आणि दाणेदार खाद्य दोन चाव्यांत संपतं, जबडा वरखाली होतो, दाढांच्या कडांना टोकं येतात आणि ती जिभेत किंवा गालात रुततात. असा ससा खाण्याजवळ येतो, वास घेतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली दिसते. घरच्यांना वाटतं पोट बिघडलंय, आणि दोन दिवस न खाल्ल्यामुळे पोट खरंच बिघडतं. म्हणून पोटाची तक्रार घेऊन आलेल्या सशाचं तोंड मी आधी पाहतो.

आता गवत. पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण याच विषयावर आहे आणि ते तसंच हवं. ताटातला ऐंशी-पंचाऐंशी टक्के भाग गवताचा, रोज सशाच्या स्वतःच्या आकाराएवढा ढीग, हा नियम इंग्रजी पुस्तकांत असतो आणि त्यापुढे टिमोथी गवताचं नाव असतं. ते थंड हवेचं गवत, आपल्याकडे बहुतेक परदेशातून डब्यात-पिशवीत भरून येतं आणि किलोचा भाव ऐकून माणूस परत चपातीकडे वळतो. लेखिकांनी इथे योग्य प्रश्न विचारला आहे: सह्याद्रीच्या उतारांवर गवत नाही का? मारवेल आहे, पवना आहे, डोंगरी आहे, ओलिताखालचा ओट आहे. या मुलुखाला गवताची किंमत पूर्वीपासून माहीत आहे. डहाणू-उंबरगाव भागातलं गवत मुंबईच्या बाजारात जायचं आणि १९४५ च्या वारली आंदोलनात पाचशे पौंड गवत कापण्यामागे अडीच रुपये मजुरी ही एक मागणी होती. गवत इथे आहे, ते सशासाठी कसं निवडायचं एवढंच शिकायचं आहे.

निवडताना तीन गोष्टी मी पाहतो. गवत फुलोऱ्यावर येताना कापलेलं असावं. पार वाळून पिवळं पडलेलं, नुसत्या काड्यांचं गवत ससा बाजूला सारतो आणि त्यात सत्त्वही उरत नाही. हातात घेऊन चोळलं तर गवताचा गोड वास यावा; कोंदट वास आला, धूळ उडाली, आत पांढरा-काळा बुरशीचा थर दिसला तर ते फुकट मिळालं तरी घेऊ नये. आणि कुसळी गवत असेल तर कुसळं धरण्याआधीचं. त्या कुसळांचं टोक सुईसारखं असतं. ते हिरडीत, जिभेखाली, डोळ्यात शिरतं. मी चिमट्याने काढलेलं एक कुसळ बाहेर येताना जवळजवळ बोटाच्या पेरापेक्षा लांब निघालं होतं, आणि त्या सशाचं ‘पोट बिघडल्याचं’ औषध आधीपासून चालू होतं.

भाताचा पेंढा, आंब्याच्या पेटीतून निघतो तो, अंथरायला चालेल, पण जेवण म्हणून नाही. आणि पेटीतला तर नकोच, त्यावर काय फवारलंय कोण जाणे. ज्वारीचा कडबा गुरांचा. सशाला त्यातली पानं चालतात, जाड ताटं नाही. कोवळी ज्वारी कधीच नाही, तिच्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो, शेतकरी त्याला ‘किराळ लागणं’ म्हणतात. लसूण घास, म्हणजे लुसर्न, हिरवीगार आणि सशांची लाडकी. पण तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. वाढत्या पिल्लाला, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला ती ठीक. सहा महिन्यांपुढच्या घरातल्या सशाला रोज दिली तर जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. सशाचं शरीर ते आहारातून जेवढं मिळेल तेवढं शोषून घेतं आणि नको असलेलं मूत्रपिंडांवर टाकतं. मग लघवी खडूच्या पाण्यासारखी जाड होते, पुढे मूतखडा.

दूर्वांना, म्हणजे हरळीला, पुस्तिकेत अर्धं पान दिलं आहे, मी दोन दिली असती. हरळी फुकट आहे, बारमाही आहे, तंतुमय आहे, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ती कुठे उगवते ते गणपतीच्या निमित्ताने ठाऊक असतं. फक्त सोसायटीच्या बागेतली घेताना तिथे तणनाशक मारलंय का आणि कुत्री फिरवायची जागा तीच आहे का, हे विचारावं. पहिल्या पावसानंतरचं जूनचं लुसलुशीत गवत मात्र एकदम पोतंभर टाकू नये. ते बरंचसं पाणीच असतं आणि वर्षभर कोरडं खाल्लेल्या पोटाला हा बदल सोसत नाही. मूठभरापासून सुरुवात करावी.

दुकानातल्या दाणेदार खाद्याबद्दल माझं मत लेखिकांपेक्षा थोडं कडक आहे. आपल्याकडे सशाच्या खाद्याचं गणित बसवलं गेलं ते मांसासाठी ससे पाळणाऱ्या फार्मवर. तिथे न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट अशा जातींची पिल्लं सुमारे तीन महिन्यांत विक्रीच्या वजनाला आणायची असतात. त्यासाठी प्रथिनं आणि पिष्ट जास्त, तंतू कमी. फार्मच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण तिथल्या सशाचं यकृत पाचव्या वर्षी कसं असेल हा प्रश्न पडत नाही. तेच खाद्य वाटीभर रोज आठ-दहा वर्षं जगणाऱ्या, पिंजऱ्यात बसून राहणाऱ्या सशाला दिलं तर तो लठ्ठ होतो, गवत सोडतो, आणि त्याचं पोट एक दिवस थांबतं. पिशवीवर तंतूंचं प्रमाण किमान अठरा टक्के, शक्यतो वीसच्या पुढे असावं. रंगीत तुकडे, मका, सूर्यफुलाच्या बिया मिसळलेलं ‘मिक्स’ घेऊच नये, कारण ससा त्यातला गोड माल वेचून खातो आणि बाकी तसंच ठेवतो. एका किलो वजनामागे दिवसाला फार तर पंचवीस ग्रॅम. गवत भरपूर आणि चांगलं असेल तर त्याहून कमी चालतं.

भाज्यांच्या यादीवर लेखिकांशी माझा फोनवर बराच वाद झाला. कोथिंबीर, पुदिना, शेपू, गाजराचा आणि मुळ्याचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पानं यांवर एकमत. भाजीवाल्याकडे फ्लॉवरचा पाला टाकायलाच असतो, मागितला तर तो पिशवी भरून देतो. पालक, राजगिरा, चाकवत थोडेच, त्यांत ऑक्झलेट असतं. कांदा, लसूण, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, अॅव्होकॅडो कधीच नाही. कोबी मात्र लेखिकांनी पूर्ण बंद केला आहे, ‘गॅस होतो’ म्हणून. माझ्या मते एखादं पान इतर पाल्यात मिसळून द्यायला हरकत नाही, नुसत्या कोबीवर ठेवलं तर मात्र काही सशांचं पोट फुगतं. त्यांनी मत बदललं नाही, मीही नाही. वाचकाने आपल्या सशाकडे पाहून ठरवावं, एका वेळी एकच नवी भाजी द्यावी म्हणजे दोष कोणाचा ते कळतं.

आणि गाजर. मुलांच्या चित्रपुस्तकात सशाच्या हातात गाजर नसेल तर चित्र अपुरं वाटतं. १९४० पासून पडद्यावर गाजर चावत बोलणारा बग्ज बनी आला आणि जगभर ही समजूत घट्ट झाली. त्याची ती लकब म्हणे ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या १९३४ च्या चित्रपटात क्लार्क गेबल गाजर खात बोलतो त्यावरून घेतलेली. म्हणजे आपल्या गॅलरीतल्या सशाचा आहार हॉलिवूडच्या एका विनोदावरून ठरतो. गाजराचा पाला जेवण, गाजर ही मिठाई: बोटाच्या पेराएवढा तुकडा, केळ्याची एक चकती, तेवढंच. केळं औषध लपवून द्यायला मात्र फार कामाचं.

या सगळ्या काळजीचं कारण असलेली अवस्था म्हणजे आतडी मंदावून थांबणं. आधी वाटायचं की केस गिळून पोटात गोळा होतो आणि तो अडकतो. त्यासाठी अननसाचा रस पाजायची पद्धत होती, अजूनही आहे. केस अननसाने विरघळत नाहीत. सशाच्या जठरात केस नेहमीच थोडे असतात, गवताबरोबर ते पुढे जातात. आतडी मंदावली, पाणी शोषलं गेलं, की केस आणि अन्न मिळून घट्ट लगदा होतो. गोळा हा बहुतेकदा परिणाम असतो. मंदावण्याची कारणं दुसरी: तंतू कमी, पाणी कमी, कुठेतरी दुखणं, दाढा, उन्हाळा, भीती, दिवाळीचे फटाके. फटाक्यांनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे असे ससे हमखास येतात.

असा ससा कोपऱ्यात पाठ वाकवून बसतो, डोळे अर्धे मिटलेले, दात हळू करकरतात. आवडती कोथिंबीर नाकाशी नेली तरी मान फिरवतो. स्टेथोस्कोप पोटावर ठेवला तर निरोगी सशात अधूनमधून बारीक गुडगुड ऐकू येते. इथे शांत असतं, किंवा वायूचा टणटण आवाज येतो. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही आणि लेंडी पडली नाही तर सकाळची वाट पाहू नये. घरात नेमक्या याच वेळेला आजीचा बटवा उघडतो. बेंबीवर हिंग, ओव्याचं पाणी, ग्राइप वॉटर, कोणी खाण्याचा सोडा. हिंगाने नुकसान होत नसेल, पण त्यात रात्र जाते. सोडा तर वायू आणखी वाढवतो आणि सशाला उलटी करता येत नाही हे वर आलंच आहे. लठ्ठ ससा उपाशी राहिला तर यकृतात चरबी साठून तो त्यानेच दगावू शकतो. डॉक्टर सलाईन, वेदनाशामक आणि आतडी हलवणारी औषधं देतात, अंग थंड पडलं असेल तर आधी ऊब देतात. मग सिरिंजने तंतुमय पातळ खाणं भरवायचं असतं. ते मालकाने दर काही तासांनी करायचं, आणि त्याची रीत पुस्तिकेत चित्रांसह दिली आहे: बाजूने, थोडं थोडं, गिळू द्यायचं, मान वर करून ओतायचं नाही.

एक अपवाद. काल संध्याकाळपर्यंत उड्या मारणारा ससा आज अचानक गळून पडला असेल आणि पोट ढोलासारखं ताठ असेल, तर आतडं खरंच अडलेलं असू शकतं. त्याला काहीही भरवू नका, उचला आणि निघा. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राऊन यांच्या अभ्यासात दिसलं की अशा अडथळ्यात रक्तातली साखर फार चढते, मिलिग्रॅममध्ये सांगायचं तर ३६० च्याही पुढे, आणि नुसत्या मंदावलेल्या पोटात सहसा तेवढी चढत नाही. हे वाक्य डॉक्टरांसाठी लिहिलं आहे. आमच्या शिक्षणात गाय, म्हैस, शेळी, कुत्रा यांना जेवढा वेळ मिळतो तेवढा सशाला मिळत नाही, हे मान्य करायला कमीपणा नाही. म्हणून मालकानेही एक गोष्ट लक्षात ठेवावी: तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन सशाला द्यायची नाहीत. ती अंधनालेतले कामाचे जंतू मारतात आणि विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमला रान मोकळं मिळतं. घरातल्या मुलाच्या सर्दीचं उरलेलं सरबत सशाला पाजलं आणि तीन दिवसांनी ससा गेला, अशी हकीकत ऐकायची वेळ आली की काय बोलावं सुचत नाही.

या सर्वांच्या आधी सूचना मिळते, फक्त ती ट्रेमध्ये पडलेली असते. निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या वाटाण्याएवढ्या, एकसारख्या, सोनेरी-तपकिरी असतात. एक उचलून बोटांत चुरडा. वास जवळजवळ येत नाही आणि आत गवताचे तुकडे दिसतात, भुसा दाबून केल्यासारखी. आकार लहान झाला, रंग काळपट आणि पृष्ठभाग कडक झाला, दोन लेंड्या केसाने माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या, की ससा अजून खेळत असला तरी गवत आणि पाणी वाढवायची वेळ झाली. पाणी नळीच्या बाटलीपेक्षा जड वाटीत ठेवलं तर तो जास्त पितो. मी माझ्याकडे येणाऱ्यांना सशाचा फोटो पाठवू नका, लेंड्यांचा पाठवा म्हणतो. पहिल्यांदा लोक हसतात. नंतर माझ्या फोनमध्ये रुपयाच्या नाण्याशेजारी रांगेने मांडलेल्या लेंड्यांचे फोटो येत राहतात, आणि घरातल्या कोणी चुकून तो फोन उघडला की आमच्याकडे जेवताना बोलणी बसतात.

ऋतूंचं प्रकरण मुंबई-कोकणच्या वाचकाने पावसाआधी वाचावं. जुलैत गवताची पिशवी चार दिवसांत बुरसते. लेखिकांनी सांगितलेली कापडी पिशवीत टांगून ठेवायची युक्ती उपयोगी आहे. मागची बाजू ओली-घाण राहिली तर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाने एप्रिलचं पान पाहावं. ससा घामाने अंग थंड करू शकत नाही, कानांवर अवलंबून असतो. पारा तिशीच्या पुढे गेला की तो खाणं कमी करतो आणि पोट मंदावतं. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, पाला धुऊन ओलाच द्यावा.

ही पुस्तिका अपुरी आहे ती गवतांच्या नावांत. एकाच गवताला कोल्हापूरकडे एक नाव आणि गडचिरोलीकडे दुसरं. लेखिकांनी पुणे-सातारा भागातली नावं घेतली आहेत, आणि शेवटी चार कोरी पानं सोडली आहेत. आपल्या भागातलं नाव, गवताचा एक तुरा चिकटवून, त्यावर लिहून पाठवावं, पुढच्या आवृत्तीत ते येईल. तुरा कुसळं धरण्याआधीचा असावा, नाहीतर पाकीट उघडणाऱ्याच्या बोटात शिरेल.